हातमोज्यांच्या पेटीतला वजनकाटा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे हे खरे, पण भाजीवाल्याचा काटा डोळ्यांसमोर आणाल तर मला वाईट वाटेल. कांदे-बटाट्यांशी माझा कधी संबंध आला नाही. माझे पारडे एकच, आणि तेही बशीपेक्षा लहान. कोऱ्या कागदावर तुम्ही पेन्सिलीने नुसते नाव लिहिलेत, तरी आधीचा कागद हलका होता आणि आताचा जड आहे हे मी सांगू शकतो. खोलीत कोणी धाडकन दार लावले की माझे आकडे थरथरतात, आणि मग सगळे त्या माणसाकडे डोळे वटारून बघतात. मला ते फार आवडते.

माझा जन्म स्वित्झर्लंडमधल्या एका डोंगरगावातला. तिथल्या एका चष्मेवाल्या बाईंनी चिमट्याने माझा एकेक भाग बसवला, दगडी टेबलावर ठेवून माझी पुन्हापुन्हा परीक्षा घेतली, आणि "हट्टी आहे, पण खरं बोलतो" असे म्हणून मला खोक्यात घातले. तिथून मी ऑस्ट्रियात आलो. व्हिएन्ना शहराबाहेर, बीटाच्या शेतांमध्ये, एक प्रयोगशाळा आहे. तिथे पोलाद आणि काच यांची एक मोठी बंद पेटी माझी वाट बघत होती. पेटीच्या पुढच्या काचेला लांबलचक काळे रबरी हातमोजे जोडलेले होते. मला आत ठेवले आणि मागचे दार कायमचे बंद झाले.

त्या पेटीत युरेनियमची पावडर उघडतात. तिचा धुरळा कोणाच्या नाकातोंडात जाऊ नये म्हणून पेटीतली हवा सतत ओढून घेतली जाते. त्यामुळे ते हातमोजे आतल्या बाजूला फुगून उभे राहतात, जणू कोणी नुसते हातच आत पाठवले आहेत. तेव्हापासून मला कोणाच्या उघड्या बोटाचा स्पर्श झालेला नाही. सुरुवातीला याचे मला फार वाईट वाटायचे. दुसऱ्या खोलीतल्या काट्यांना लोक फडक्याने पुसतात, थोपटतात, आणि माझ्या वाट्याला मात्र रबर. पुढे सवय झाली.

आता माझे काम सांगतो. जगातल्या बऱ्याच देशांनी वचन दिले आहे की आमच्याकडचे युरेनियम आम्ही विजेसाठी वापरू, बॉम्बसाठी नाही. वचन पाळले जाते का, हे बघायला तपासनीस कारखान्यांमध्ये जातात आणि पावडरीचा चिमूटभर नमुना बाटलीत घालून आमच्याकडे पाठवतात. कारखाना म्हणतो, आमच्या पावडरीत इतके युरेनियम आहे. आम्ही ते तपासतो. जुळले तर सगळे खूश. कमी भरले, तर मोठ्या साठ्याच्या हिशेबाने ती तूट किलोंमध्ये जाते, आणि मग एकच प्रश्न उरतो: बाकीचे गेले कुठे?

म्हणून आमच्या खोलीत एक कडक नियम आहे. नमुना कोणत्या देशाचा, कोणत्या कारखान्याचा, हे तपासणाऱ्याला कळता कामा नये. बाटलीवरचे मूळ लेबल झाकून त्यावर आमचा सांकेतिक क्रमांक लावला जातो. कोणावर माया नको आणि कोणावर राग नको. चुकून कळलेच, तर त्या माणसाने लगेच सांगायचे आणि बाजूला व्हायचे. त्यामुळे या गोष्टीतल्या देशाचे नाव मीही सांगणार नाही. आग्रह करू नका.

माझ्यापुढे बसणाऱ्या दोघीजणी होत्या. एक बुर्गी श्ट्रोमायर. ती जवळच्याच गावची, वर्षानुवर्षे याच खोलीत काम केलेली, आणि जीभ अशी की हातमोजा फाटावा. वजन करण्याआधी ती सगळ्यांना "हात बाहेर!" म्हणून ओरडायची, कारण मोज्यांतला हात जरा हलला तरी पेटीतली हवा हलते आणि मी डगमगतो. मोजे निश्चल होईपर्यंत ती हलक्या आवाजात गाणे गुणगुणायची. दुसरी मिलाग्रोस अरिएता. ती दूरच्या देशातून आलेली, शांत, काटेकोर. इथे येण्याआधी ती तिकडच्या एका युरेनियमच्या कारखान्यात कामाला होती. तिचा धाकटा भाऊ रुफिनो अजून तिथेच होता, पावडर तोलण्याच्या टेबलावर.

तेव्हा मी मानाने होतो. बाहेरच्या खोलीत नवे, चकचकीत काटे आले होते, पण शंका आली की "म्हाताऱ्याला विचारा" असेच सगळे म्हणायचे. म्हातारा म्हणजे मी.

तर एका फेब्रुवारीत ती बाटली आली. बाहेर हाडे गोठवणारी थंडी, आणि लोकांचे चालले होते फाशिंग. म्हणजे ख्रिस्ती लोकांचे उपासाचे दिवस लागण्याआधीची मौजमजा. जो तो जर्दाळूचा मुरंबा भरलेले गोल क्राप्फेन, म्हणजे तळलेले गोड पाव, आणून बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर ठेवत होता, आणि सगळ्यांच्या सदऱ्यांवर पिठीसाखर सांडलेली.

मिलाग्रोसने मोज्यांत हात घातले आणि बाटली उचलली. क्रमांकाचे लेबल नीट होते. झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळलेली होती, आणि तिचे शेवटचे टोक कानासारखे दुमडलेले होते, म्हणजे मोजे घातलेल्या बोटांनाही ते पकडता यावे. ते दुमडलेले टोक बघितले आणि तिचा हात जागच्या जागी थांबला. मला वाटले तिला बाटली तडकलेली दिसली की काय. मग तिने बाटली माझ्यावर ठेवली, हात बाहेर काढले, आणि मी वजन दाखवले.

इथे एक बारीक गोष्ट समजून घ्या. ही पावडर पापडासारखी असते. दमट हवेत ओल धरते, कोरड्या हवेत वाळते. म्हणून कारखाना बाटली भरल्यावर तिचे वजन करतो, आणि आम्ही ती उघडण्याआधी पुन्हा करतो. वजन जितके कमी भरेल, तितके पाणी वाटेत उडून गेले असे धरायचे. उघडण्याआधीचे हे वजन एकदाच करता येते. बाटली उघडली की संपले.

मी दाखवलेले वजन कारखान्याने कळवलेल्या वजनापेक्षा कमी होते. म्हणजे पावडर वाळली होती. त्यात विशेष काही नव्हते. मिलाग्रोसने बाटली उघडली, थोडी पावडर काढून तोलली, विरघळवली आणि पुढच्या यंत्राकडे पाठवली. तिकडून उत्तर आले आणि खोलीतले गुणगुणणे बंद पडले.

युरेनियम कमी भरत होते. हिशेबाचा अर्थ असा निघत होता की कारखान्यात ती पावडर ओली होती, आणि त्यांनी त्यातले पाणीसुद्धा युरेनियम म्हणून मोजून दाखवले. दुधात पाणी घालून माप पुरे करावे, तसे.

दुसऱ्यांदा पावडर काढली. तेच उत्तर.

मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. आमचे विभागप्रमुख डॉक्टर वेचेई, हंगेरीचे, उंच आणि सदा चिंतेत असलेले, काचेला नाक लावून म्हणाले, "म्हाताऱ्याचं काही बिघडलं नसेल ना?"

"हेर डॉक्टर, म्हाताऱ्याचं काही बिघडत नाही. माणसांचं बिघडतं," बुर्गी म्हणाली. "हेर" म्हणजे इथल्या जर्मन भाषेत "श्रीयुत", गुप्तहेर नव्हे.

तरी माझी परीक्षा झालीच. प्रमाण वजने एकामागून एक माझ्यावर ठेवली. मित्रांनो, खोटे कशाला सांगू, मी घाबरलो होतो. पेटीतला काटा बिघडला तर तो दुरुस्तीला बाहेर जात नाही. तो किरणोत्सारी कचऱ्याच्या पिंपात जातो आणि पिंपाचे झाकण बंद होते. पण मी प्रत्येक वजन शेवटच्या आकड्यापर्यंत बरोबर सांगितले. डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. त्या सुस्काऱ्यात आनंद नव्हता, कारण काटा बरोबर असेल तर कारखाना चोर ठरत होता.

जेवणाच्या सुट्टीत सगळे एकमेकांना "मालत्साइट!" म्हणत निघून गेले. जेवणवेळी समोर येईल त्याला तसे म्हणायची इथली रीतच आहे. खोलीत बुर्गी आणि मिलाग्रोस दोघीच राहिल्या.

"चल ना गं, सूप गार होईल."

"बुर्गी, मला एक सांगायचंय."

"चेहरा बघून वाटतंय की नको सांगूस."

"ती चिकटपट्टी. टोक असं दुमडायला मीच शिकवलं होतं. रुफिनोला. तिथं दुसरं कोणीच तसं करत नाही."

"गप्प! मी काही ऐकलं नाही."

"ऐकलंस तू."

"अगं बाई, कुठून तरी तुझ्या डोक्यात आलंय ते. जगात टोकं दुमडणारी माणसं काय कमी आहेत?"

"बाटली त्याच्या हातची आहे. पावडर कमी आहे म्हटल्यावर तिथं आधी कोणाला धरतील? तोलणाऱ्याला. दोन पोरं आहेत त्याला, बुर्गी. तो खोटं वजन लिहिणाऱ्यातला नाही गं. पण मी त्याची बहीण. माझं कोण ऐकणार?"

बुर्गी खुर्चीवर बसली. "हे बघ," ती हळू आवाजात म्हणाली, "आत्ता जाऊन सांगितलंस तर पेटीला हात लावू देणार नाहीत तुला. आणि चूक कुठं झालीय ते शोधायचं असेल, तर हात इथंच हवेत ना तुझे?"

"आणि नाही सांगितलं, आणि मला चूक सापडली, तर? भावाला वाचवायला बहिणीने चूक शोधून काढली असंच म्हणतील सगळे. मग खरी असली तरी ती खोटीच."

मित्रांनो, मी आजवर खूप काही तोलले, पण त्या बाईच्या मनात त्या घडीला काय चालले असेल ते मला तोलता आले नसते. एकीकडे भाऊ आणि दुसरीकडे नियम, असे साधे ते नव्हते. नियम मोडला तर भाऊही जात होता. मग ती सरळ डॉक्टरांच्या खोलीकडे चालू लागली.

परत आली ती डॉक्टरांबरोबर.

"तू आता काचेच्या पलीकडे उभं राहायचं," ते म्हणाले. "बघायचं असेल तर बघ. बोलायचं नाही. उरलेल्या पावडरीची तपासणी मी स्वतः करतो, बुर्गी सोबत असेल. हेच उत्तर आलं, तर आज संध्याकाळच्या आत तपासनीसांना कळवावं लागेल. मला यात काही आनंद नाही, मिलाग्रोस."

"मला माहीत आहे," ती म्हणाली आणि बाहेर गेली.

बाटलीत शेवटच्या तपासणीपुरतीच पावडर शिल्लक होती. डॉक्टरांनी मोज्यांत हात घातले. कपाळावर घाम, आणि तो पुसायला हात मोकळे नाहीत. बुर्गीने काही न बोलता त्यांचे कपाळ टिपले. पावडर तोलली, विरघळवली, पाठवली. उत्तर यायला वेळ लागत होता आणि बाहेरच्या काचेमागे मिलाग्रोस हाताची घडी घालून उभी होती.

तेच उत्तर आले. येणारच होते. उघडण्याआधीचे वजन एकच होते, आणि प्रत्येक वेळी हिशेब त्याच्यावरच उभा राहत होता.

डॉक्टर खाली मान घालून उभे राहिले. बुर्गीने रिकामी बाटली कचऱ्यात टाकायला उचलली. तेवढ्यात काचेवर टकटक झाली.

"रिकामी बाटली तोला!" मिलाग्रोसचा आवाज काचेतून दबका येत होता.

"तुला बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाले.

"मी उत्तर सांगत नाहीये, डॉक्टर. मला ठाऊकच नाही. नुसतं विचारतेय."

"मिलाग्रोस!"

बुर्गीने बाटली कचऱ्यात टाकली नाही. "ती बोलली ते मी ऐकलंच नाही," ती म्हणाली. "माझ्याच मनात आलं. रिकामी बाटली तोलून बघावी म्हणते."

"कशासाठी? आपण रिकामी बाटली कधीच तोलत नाही."

"म्हणूनच. कारखान्याने भरण्याआधी लेबल-झाकण-पट्टीसकट तिचं वजन केलंच असणार आणि ते कळवलंही असणार. जुळत नसेल तर बघू. जुळत असेल तर तुम्ही मला येडी म्हणा, नाहीतरी मनात म्हणताच."

डॉक्टरांनी एकदा काचेबाहेर बघितले, एकदा घड्याळाकडे. त्या बिचाऱ्याची अवस्था मला कळत होती. ऐकावे तर उद्या लोक म्हणतील, आरोपीच्या बहिणीच्या सांगण्यावरून प्रयोगशाळा चालते. न ऐकावे, तर आपण एक गोष्ट न बघता सोडून दिली हे त्यांना जन्मभर टोचत राहील. शेवटी ते म्हणाले, "आधी दोन साक्षीदार बोलावतो. बाहेरचे, या नमुन्याशी संबंध नसलेले. त्यांच्यासमोर तोलू."

साक्षीदार आले. बुर्गीने बाटली, झाकण आणि चिकटपट्टी, सगळे ब्रशने झटकून माझ्यावर ठेवले.

"हात बाहेर!"

मोजे हळूहळू फुगले. एका मोज्याचे बोट उगाच हलत राहिले. माझे शेवटचे आकडे वर जात होते, खाली येत होते, आणि या वेळी बुर्गी गुणगुणलीही नाही. मग मोजे थांबले आणि मी थांबलो.

डॉक्टरांनी आकडा वाचला. कारखान्याने कळवलेले रिकाम्या बाटलीचे वजन वाचले. पुन्हा माझ्याकडे बघितले.

"कमी आहे," ते पुटपुटले. "भरलेली बाटली जेवढी कमी भरली होती, तेवढीच."

"पावडर वाळली म्हणता ना?" बुर्गी म्हणाली. "मग बाटली कशी काय वाळली?"

पावडरीतून काहीच उडाले नव्हते. जे गेले होते ते बाटलीवरून गेले होते, आणि बाटली वाटेत सीलबंद असते, म्हणजे ते आमच्या दारात आल्यावरच गेले होते. हे कळायला साक्षीदारांनाही वेळ लागला नाही. डॉक्टरांनी आलेले नमुने ताब्यात घेणाऱ्या विभागातल्या पोल्डीला बोलावले.

पोल्डी आला तो डोक्यावर अस्वलाचे कान लावून. फाशिंगचा शेवटचा मंगळवार होता ना. खोलीतले चेहरे बघून त्याने कान काढायला हात वर नेला आणि तसाच राहिला.

"पोल्डी, बाटल्यांवरची जुनी लेबलं तू झाकतोस ना?"

"झाकायचो, हेर डॉक्टर. आता नाही. खालची अक्षरं उजेडात दिसतात अशी कुरकूर होती ना? म्हणून हल्ली मी ती सोलूनच काढतो. गरम हवा मारायची, हळू ओढायचं, गोंदाचा डागसुद्धा राहत नाही. मग आपलं छोटं लावायचं. बघा तर किती साफ!"

"आणि जुनी?"

"जाळून टाकतो. गुप्तता म्हणजे गुप्तता!"

तो इतक्या अभिमानाने बोलत होता की कोणाला त्याच्यावर ओरडवेना. कारखान्याचे लेबल मोठे आणि जाड, आमचे चिटुकले. दोन्हींच्या वजनांतला फरक म्हणजे पावडरीतले उडालेले पाणी, असे आम्ही धरून बसलो होतो. इतर बहुतेक नमुने ओल न धरणाऱ्या गोळ्यांचे असत, त्यांना या वजनाची गरजच नसे. म्हणून पोल्डीची सफाई कोणाच्या लक्षात आली नव्हती. देशाचे नाव कोणाला दिसू नये, कोणावर अन्याय होऊ नये, म्हणून जे काढले त्यानेच एका माणसाला चोर बनवले होते.

काचेमागे मिलाग्रोस जमिनीवर बसली होती. तिने तोंड हातांनी झाकले होते.

संध्याकाळचा निरोप थांबला, पण डॉक्टर तेवढ्यावर समाधान मानणारे नव्हते. त्याच साठ्यातली दुसरी बाटली, अजून न सोललेली, त्यांनी दूरच्या एका प्रयोगशाळेत पाठवली. तिथे मिलाग्रोसला कोणी ओळखत नव्हते. उत्तर यायला बरेच आठवडे लागले, आणि तेवढे दिवस तिला पेटीपासून लांब ठेवले. ती समोरून जायची तेव्हा काचेतून माझ्याकडे बघायची. विचारायची सोय नव्हती. त्या नमुन्याचे पुढे काय झाले हे तिला सांगायला नियमाने बंदीच होती.

एका सकाळी डॉक्टर आले आणि म्हणाले, "मिलाग्रोस, उद्यापासून पेटीवर परत बस."

नियमात बसेल तेवढेच ते बोलले. मग दाराशी थांबून म्हणाले, "तू आधी येऊन सांगितलंस म्हणून मला तुझा प्रश्न ऐकता आला. नंतर कळलं असतं ना, तर तो आकडा डोळ्यांसमोर असूनही मी विश्वास ठेवला नसता."

ती तिथेच रडली, आणि बुर्गीने तिला आपला रुमाल देऊन वर चार शब्द सुनावले, पेटीच्या काचेवर पाणी उडवू नकोस म्हणून. पोल्डी आता जुनी लेबले काढत नाही, त्यांच्यावर काळा कागद डकवतो आणि त्या कागदाचेही वजन लिहून ठेवतो. रिकामी बाटली तोलल्याशिवाय कचऱ्यात जात नाही.

हल्ली माझे आकडे स्थिरावायला वेळ लागतो. शेजारच्या पेटीत एक नवा काटा आला आहे आणि मोठी कामे त्याच्याकडे जातात. माझ्यावर आठवडाभर प्लास्टिकचे आवरण असते. पिंप कुठे ठेवले आहे तेही मला इथून दिसते. वाईट वाटते, पण तक्रार नाही.

परवा मात्र आवरण निघाले. मिलाग्रोस बाटली ठेवता ठेवता बुर्गीला सांगत होती, "रात्री रुफिनोचा फोन आला होता. म्हटलं, काय नवीन? तर म्हणतो, ताई, आमच्याकडे काय घडणार? बाटल्या भरतो, पट्टी लावतो, घरी जातो. तुमच्याकडे म्हणे रोज काहीतरी थरारक असेल."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, नाही रे. आमच्याकडे पण काहीच घडत नाही."

बुर्गी हसली नाही. तिने मोज्यांत हात घालून माझे पारडे हलकेच पुसले. गरज नव्हती, तरी पुसले.

मित्रांनो, तो भाऊ आजही आपल्या पोरांना घेऊन निर्धास्त झोपतो. आपल्या नावासमोर काय लिहिले जाणार होते, हे त्याला कधीच कळणार नाही. म्हणून तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. एखाद्याचे माप कमी भरले, की त्याच्याकडे बोट दाखवण्याआधी थोडे थांबा. त्याची वस्तू तुमच्या हातात आल्यावर तुम्ही तिच्यावरून काय काढून टाकलेत, ते आधी आठवून बघा.